दारावरचा कॅमेरा : स्वस्तात काय मिळते आणि काय मिळत नाही

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात बऱ्याच घरांतला कमावता माणूस घरी नसतो. कोणी कुवेतला, कोणी मस्कतला, कोणी मुंबईला. घरी म्हातारे आईवडील, सून आणि शाळेत जाणारी मुले. सुट्टीवर आलेला मुलगा परत जाण्याआधी पूर्वी गॅसची टाकी भरून जायचा, आता दारावर कॅमेराही बसवून जातो. दोन ते पाच हजार रुपयांत मिळतो, अर्ध्या दिवसात बसतो आणि परदेशात मोबाइलवर घराचे अंगण दिसते. मनाला आधार वाटतो.

हा आधार किती खरा आहे, हे मात्र प्रसंग आल्यावरच कळते. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतून रात्री एक दुचाकी गेली. समोरच्या घरावर कॅमेरा होता, चित्रण मिळाले, चोरही दिसला. फक्त तो कोण हे कळले नाही. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आणि गाडीच्या नंबरच्या जागी पांढरी पट्टी. ‘माणूस आहे, एवढे कळते,’ असे पोलीस म्हणाले, ते खरेच होते.

तेव्हापासून लोक आम्हा शिक्षकांना विचारू लागले, ‘सर, चांगला कॅमेरा कोणता?’ म्हणून यंदा आम्ही तीन घरांच्या परवानगीने तीन कॅमेरे शेजारी शेजारी लावून पाहिले. पहिला २ मेगापिक्सेलचा, मान फिरवणारा. दुसरा ३ मेगापिक्सेलचा, स्थिर. तिसरा ४ मेगापिक्सेलचा, पांढरा दिवा असलेला. रस्त्यावर खडूने दर दोन मीटरवर रेघ मारली आणि इशाच्या नमाजनंतर एकेका रेघेवर माणूस उभा करून मोबाइलवर पाहिले. यातल्या कंपन्यांची नावे आम्ही देत नाही. मॉडेले भराभर बदलतात, पारखण्याची रीत बदलत नाही. ती रीत इथे मांडत आहोत.

मेगापिक्सेल म्हणजे सर्व काही नव्हे

दुकानदार पहिला आकडा मेगापिक्सेलचा सांगतो. त्याचा अर्थ समजून घेऊ. २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात, ३ मेगापिक्सेलमध्ये साधारण २३०४ आणि ४ मेगापिक्सेलमध्ये २५६०. म्हणजे मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी आडवे ठिपके केवळ एक-तृतीयांशाने वाढतात.

चेहरा ओळखायला किती ठिपके लागतात, याचेही आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयईसी ६२६७६-४ या २०१४ च्या मानकानुसार दृश्यातल्या एक मीटर रुंदीवर २५ ठिपके पडले तर तिथे कोणीतरी आहे एवढे कळते. १२५ पडले तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५० लागतात.

आता शाळेतले गणित करू. बाहेरचे बहुतेक स्वस्त कॅमेरे रुंद दृश्य दाखवतात. ते ९० अंश धरले तर चार मीटर अंतरावर आठ मीटर रुंदीचे दृश्य दिसते. या हिशेबाने चोराचा चेहरा खात्रीने पटण्याचे अंतर असे येते :

२ मेगापिक्सेल : सुमारे ३.८ मीटर
३ मेगापिक्सेल : सुमारे ४.६ मीटर
४ मेगापिक्सेल : सुमारे ५.१ मीटर

ओळखीच्या माणसासाठी ही अंतरे दुप्पट धरावीत. खोक्यावर ‘३० मीटरपर्यंत रात्री दिसते’ असे छापलेले असते. ते खोटे नाही. ३० मीटरवर कोणीतरी हलते आहे, एवढे दिसते. पण खरेदी करणारा समजतो की ३० मीटरवरचा चोर ओळखता येईल, आणि तिथेच फसतो.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. हाच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ५० अंशांचे अरुंद दृश्य दाखवणारा घेतला, तर चेहरा आठ मीटरवरही पटतो. म्हणजे लांबच्या फाटकासाठी रुंद दृश्याच्या महाग कॅमेऱ्यापेक्षा अरुंद दृश्याचा स्वस्त कॅमेरा अधिक कामाचा. खोक्यावर लेन्सचा आकडा पाहावा. २.८ मिलिमीटर म्हणजे रुंद, ६ मिलिमीटर म्हणजे अरुंद. अंगणासाठी रुंद, फाटकासाठी किंवा बोळासाठी अरुंद.

उंचीचेही तसेच. चोराच्या हाताला लागू नये म्हणून लोक कॅमेरा पहिल्या मजल्याच्या सज्जाला लावतात. मग दिसतात त्या टोप्या आणि डोक्यांचे भोवरे. जमिनीपासून अडीच ते तीन मीटर उंची पुरते. आमच्या पाहणीत ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आधी पाच मीटरवर आणि मग तीन मीटरवर धरून पाहिला. खाली आणल्यावर चेहऱ्यात जो फरक पडला, तो २ आणि ४ मेगापिक्सेलमधल्या फरकाहून मोठा होता.

खरी परीक्षा रात्री

दिवसा तिन्ही कॅमेरे पास झाले. रात्र पडली आणि निकाल बदलला.

अंधारात साधा कॅमेरा अवरक्त दिवे लावतो आणि चित्र काळे-पांढरे होते. दिव्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत ८५० नॅनोमीटरचे दिवे असतात आणि अंधारात ते मंद लाल चमकतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा प्रकाश तितका लांब पोचत नाही. या प्रकाशाची एक खोड आहे. जवळची फिक्या रंगाची भिंत, सज्जाची कड किंवा पांढरा पाइप चौकटीत आला की तो झगझगीत होतो आणि मागचे दृश्य काळवंडते. नंबरप्लेटवरूनही प्रकाश थेट परततो आणि अंक पुसले जातात. आमच्या गल्लीतल्या चोरीत नेमके हेच झाले होते.

दुसरी अडचण हालचालीची. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. उभा माणूस स्पष्ट दिसतो, चालणारा पुसट होतो. म्हणून दुकानात दाखवलेल्या स्थिर चित्रावर जाऊ नये. माणसाला चालायला सांगून पाहावे. लेन्सचा एफ आकडाही पाहावा. तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. एफ २.० पेक्षा एफ १.६ ची लेन्स दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश घेते. रात्रीसाठी हा फरक मेगापिक्सेलपेक्षा मोलाचा.

तिसऱ्या कॅमेऱ्याला पांढरा दिवा होता. माणूस दिसताच तो लागतो आणि चित्र रंगीत होते. शर्टाचा रंग, गाडीचा रंग कळला. तक्रार नोंदवताना हीच माहिती कामाला येते. बाजारातले उदाहरण द्यायचे तर टीपी-लिंकच्या टॅपो मालिकेतला सी३१० हा ३ मेगापिक्सेलचा आहे आणि सी३२०डब्ल्यूएस हा ४ मेगापिक्सेलचा. दोन्हींची पाण्यापासूनची सुरक्षा सारखीच, आयपी६६. पण दुसऱ्यात रंगीत रात्रचित्रासाठी पांढरे दिवे आहेत. अशा जोडीत जादा पैसे द्यायचेच तर ठिपक्यांसाठी देऊ नयेत, उजेडासाठी द्यावेत.

त्याहून स्वस्त उपाय घरातच आहे. दारावर ९ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर, बारा तास, जळत ठेवला तर महिन्याला सव्वातीन युनिट वीज लागते. तो दिवा लावल्यावर आमचा सर्वांत स्वस्त, २ मेगापिक्सेलचा कॅमेराही चार मीटरवर चेहरा दाखवू लागला. शिवाय उजेड असलेल्या दाराशी चोर सहसा रेंगाळत नाही.

पागोळ्या, कोळी आणि चिऱ्याची भिंत

आयपी६५, ६६, ६७ हे आकडे धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचे असतात. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ५ म्हणजे पाण्याची धार सोसते, ६ म्हणजे जोराची धार सोसते, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. पावसासाठी ६५ किंवा ६६ पुरेसे आहे.

तरीही कोकणात पावसाळ्यात कॅमेरे बंद पडतात. त्याचे कारण बहुधा कॅमेऱ्यात नसते, मागे लोंबणाऱ्या तारेच्या जोडात असते. अडॅप्टर आणि जोड यांना आयपी६६ चे कवच नसते. जोड प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवावा. तार भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, आत जात नाही. हे दहा मिनिटांचे काम वायरमनकडून समोर उभे राहून करून घ्यावे.

कॅमेरा पत्र्याच्या कडेच्या आत घ्यावा. कडेला लावला तर पागोळ्या लेन्ससमोर पडतात, रात्री प्रत्येक धार चमकते आणि चित्रात पांढऱ्या रेघांशिवाय काही उरत नाही. कोळीही दिव्याला जमलेल्या किड्यांच्या मागे येऊन लेन्सवर जाळे विणतो. महिन्यातून एकदा मऊ कापड फिरवावे. समुद्राकाठच्या गावांत काचेवर खारट थर साचतो, तिथे दोनदा.

वायफायचा कॅमेरा घेणाऱ्यांनी भिंत विसरू नये. चिऱ्याची जाड भिंत लहरी अडवते. स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झपेक्षा या लहरी भिंतीतून बऱ्या जातात, पण दोन भिंती पार करताना त्याही दमतात. कॅमेरा टांगायच्या जागी मोबाइल धरून आधी वायफाय पाहावे. नेटवर्कची तार जोडायची सोय असलेला कॅमेरा मिळाला तर उत्तम. ती तार १०० मीटरपर्यंत चालते आणि रोजची कटकट संपते.

वीज गेली की राउटर आणि कॅमेरा दोन्ही झोपतात. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर काही तास निघतात. १२ व्होल्टवर चालणारा कॅमेरा असेल तर दोघांचा मिळून भार त्या यूपीएसला झेपतो का, हे दुकानदाराला आधी विचारावे. सौर पट्टीचे बॅटरी कॅमेरे दिसायला सोपे आहेत, पण ते एरवी झोपलेले असतात आणि हालचाल जाणवल्यावर जागे होतात. तोवर भरभर चालणारा माणूस चौकटीबाहेर गेलेला असतो. जूनपासून आभाळ भरून राहणाऱ्या भागात पट्टीला ऊनही पुरत नाही. वीज नसलेल्या बागेसाठी ते ठीक, घराच्या दारासाठी तारेचा कॅमेराच बरा.

मान फिरवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलही एक शब्द. तो चारी दिशा पाहतो हे खरे, पण एका वेळी एकच. मुले खेळताना तो मागीलदाराकडे वळवतात आणि रात्रभर तो तसाच राहतो. मुख्य दारासाठी स्थिर कॅमेरा घ्यावा.

चित्रण किती दिवस राहते?

कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने सतत चित्रण करत असेल तर तासाला ९०० एमबी आणि दिवसाला २१.६ जीबी होते. १२८ जीबीचे कार्ड सहा दिवसांच्या आत भरते आणि जुन्यावर नवे लिहिले जाते. एच.२६५ ही नवी साठवणपद्धत असेल तर जागा साधारण निम्मी लागते आणि तेच कार्ड अकरा-बारा दिवस चालते. दहा दिवस गावाला जाणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब जाण्याआधी करावा. साधे कार्ड सतत लिहून लवकर खराब होते. सतत चित्रणासाठी वेगळी टिकाऊ कार्डे मिळतात, तीच घ्यावीत.

कार्ड कॅमेऱ्यातच असते. चोराने कॅमेरा उपटला तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून दोन-तीन कॅमेरे लावायचे असतील तर घरात कपाटात ठेवायचा रेकॉर्डर घेणे शहाणपणाचे. कंपनीच्या क्लाउडवरही साठवता येते, त्याचे दरमहा पैसे पडतात.

घटना घडलीच तर आधी मूळ चित्रण कार्डावरून किंवा रेकॉर्डरमधून उतरवून ठेवावे आणि कार्ड काढून बाजूला जपावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेले चित्रण आकुंचन पावते, बारकावे जातात. न्यायालयात अशा पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. म्हणून चित्रण कोणी, कधी, कशातून काढले हे लिहून ठेवावे. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे का, हे अधूनमधून पाहावे.

हालचालीच्या इशाऱ्यांचीही गत ‘लांडगा आला रे’सारखी होते. केळीचे पान हलले, मांजर गेले, पाऊस आला की मोबाइल वाजतो. आठवड्याभरात घरचे आवाज बंद करतात आणि खरा लांडगा येतो तेव्हा कोणी ऐकत नाही. माणूस ओळखून इशारा देणारा कॅमेरा घ्यावा आणि सेटिंगमध्ये रस्ता वगळून फक्त फाटकाच्या आतली जागा आखून द्यावी.

कॅमेरा कोणाकडे पाहतो?

आता ज्याची चर्चा दुकानात होत नाही, त्याबद्दल. कॅमेरा चोराला वर्षातून एकदा पाहील, न पाहील. घरातल्या बाईला तो रोज पाहतो.

आमच्या ओळखीच्या एका घरात सून दुपारी पडवीत बसून तांदूळ निवडायची, शेजारणीशी दोन शब्द बोलायची. कॅमेरा पडवीवर लागला आणि ती आत बसू लागली. मस्कतहून फोन यायचा, ‘आत्ता कोण आले होते?’ नवऱ्याच्या मनात वाईट नव्हते, काळजीच होती. पण काळजी आणि पाळत यांच्यातली भिंत पातळ असते. शेवटी सासूनेच सांगितले, ‘पोरा, मी आहे ना घरात! त्या डोळ्याला फाटकाकडे बघू दे.’ कॅमेरा वळला आणि पडवी पुन्हा बायकांची झाली.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, एवढेच काय, कोणाच्या खाजगी गोष्टी शोधत फिरू नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. कॅमेऱ्याची नजर भिंतीवरून उडी मारून शेजाऱ्याच्या ओट्यावर, न्हाणीच्या वाटेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर जात असेल तर तेही शिरणेच आहे. कायद्याच्या बाजूनेही पाहा. खाजगी क्षणी स्त्रीला पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘प्रायव्हसी झोन’ नावाची सोय असते. चौकटीतला तेवढा भाग काळा करता येतो. तो काळा करून शेजाऱ्यांना मोबाइलवर दाखवावा. नाते टिकते. आवाजाचे ध्वनिमुद्रण गरज नसेल तर बंद ठेवावे.

आणखी एक प्रश्न : तुमचे अंगण तुमच्याशिवाय कोण पाहते? २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. कारण साधे होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. आपल्याकडे बसवणारा मुलगाच स्वतःच्या मोबाइलवर खाते उघडून देतो आणि घरचे तेच वापरत राहतात. खाते घरच्या माणसाच्या नावाने उघडावे, पासवर्ड बदलावा, बसवणाऱ्याचा मोबाइल यादीतून काढावा, दुहेरी पडताळणी चालू करावी. आपल्या देशात एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या आवश्यक केल्या आहेत. म्हणून बिल आणि बीआयएस नोंदणीची खूण असलेलाच माल घ्यावा. बिनबिलाच्या स्वस्त मालात पाचशे रुपये वाचतात आणि घराची किल्ली कोणाकडे गेली ते कळत नाही.

मग कोणता घ्यावा?

दार चार-पाच मीटरच्या आत असेल आणि तिथे दिवा असेल, तर २ किंवा ३ मेगापिक्सेलचा स्थिर, आयपी६५ वा ६६ चा कॅमेरा पुरे. वाचलेले पैसे चांगल्या कार्डावर आणि राउटरच्या यूपीएसवर घालावेत. फाटक लांब असेल तर अरुंद लेन्सचा. रस्ता अंधारा असेल आणि गाडी बाहेर उभी राहत असेल तर पांढऱ्या दिव्याचा, लहान एफ आकड्याचा. मोठे घर, दोन दारे आणि मागे बाग असेल तर तारेचे कॅमेरे आणि घरात रेकॉर्डर.

ज्यांच्या दारावर कॅमेरा आधीच आहे, त्यांनी नवीन घेण्याआधी एक काम करावे. आज रात्री अंगणातले दिवे रोजच्यासारखे ठेवून घरातल्या एखाद्याला फाटकापासून दारापर्यंत चालत यायला सांगावे. दुसऱ्या दिवशी ते चित्रण घरच्यांना नाही, शेजारच्या मुलाला दाखवावे. त्याने नाव सांगितले तर कॅमेरा काम करतो आहे. ‘कोणीतरी चालले आहे’ म्हणाला तर आधी कॅमेरा अर्धा-एक मीटर खाली घ्या, दिवा लावा, काच पुसा आणि पुन्हा चालून पाहा. बहुतेक घरांत नव्या कॅमेऱ्याचा खर्च तिथेच वाचेल.